फेरदुरुस्तीचे पैसे किती घ्यायचे : रबाळे एमआयडीसीतल्या पंप-मोटर वर्कशॉपच्या नोंदी

३ जून २०२४

घणसोलीच्या सोसायटीची ५ एचपी मोनोब्लॉक (पंप आणि मोटर एकाच शाफ्टवर) आज तिसऱ्यांदा टेबलावर आली. पहिली खेप नोव्हेंबरमध्ये, दुसरी मार्चमध्ये. दोन्ही बिलांवर एकच ओळ आहे: 'मोटर रिवाइंडिंग ५ एचपी, ५,२०० रुपये'. सेक्रेटरी काका दोन्ही बिलं हातात घेऊनच आले. "तीच मोटर, तेच काम. दर वेळी पूर्ण पैसे कशाचे?" काउंटरवरून त्यांना सांगितलं गेलं की वाइंडिंग (मोटरीतली तारेची वेटोळी) नवीन भरलं होतं, पुन्हा जळालं, त्याला दुकान काय करणार. उत्तर खोटं नाही, पण त्यांनी ते का मान्य करावं? मोटर कशामुळे जळाली हे दोन्ही बिलांवर नाही आणि आमच्या वहीतही नाही.

त्यासाठी आजपासून या नोंदी. तेच यंत्र परत आलं तर कोणता खर्च दुकानाचा आणि कोणता गिऱ्हाइकाचा, हे कारणासकट ठरवून ऑगस्टमध्ये दरपत्रक भिंतीवर लावायचं. घणसोलीच्या मोटरीचं बिल तोवर थांबवलंय, काम थांबवलेलं नाही.

४ जून

मोटर उघडली. डेल्टा जोडणी (तिन्ही फेज त्रिकोणात जोडलेले), तार बसवायच्या २४ खाचा म्हणजे स्लॉट, मिनिटाला २८८० फेरे. मागचं कव्हर काढल्यावर बारापैकी चार कॉइल काळ्याकुट्ट दिसल्या. समोरासमोरच्या दोन जागी, बांधणीची दोरीसुद्धा कोळसा झालेली. बाकीच्या आठ कॉइल मधाच्या रंगाच्या, वार्निशची चकाकी तशीच. म्हणजे वाइंडिंगच्या तीन फेजपैकी एकच जळालाय. डेल्टा मोटरीला लाइनचा एक फेज मिळेनासा झाला की उरलेल्या दोन लाइनींच्या थेट मध्ये असलेला फेज सगळा भार उचलतो आणि तोच जातो. स्टार जोडणी (तिन्ही फेजची टोकं एका बिंदूत) असती तर दोन फेज काळे आणि एक शाबूत दिसला असता. हे सिंगल फेजिंग आहे, याबद्दल शंका नाही.

इथेच थांबलो असतो तर सगळा दोष बाहेर ढकलून मोकळे झालो असतो. पण तार मोजली. जळकं इनॅमल खरवडून मायक्रोमीटर लावला तर ०.८१ मिलिमीटर, म्हणजे २१ गेज. नोव्हेंबरच्या जॉब कार्डावर २० गेज, ६८ वेढे, पिच (कॉइल कोणत्या स्लॉटमधून कोणत्या स्लॉटमध्ये जाते) १–१२ आणि २–११ असं स्पष्ट लिहिलंय. मार्चमध्ये २० गेजची रीळ संपलेली होती, म्हणून २१ भरली गेली. २० गेज ०.९१४ मिलिमीटर, २१ गेज ०.८१३. क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी घटतं, रेझिस्टन्स २६ टक्क्यांनी वाढतो आणि तेवढ्याच करंटला उष्णताही २६ टक्के जास्त होते. शाबूत राहिलेल्या फेजचा रेझिस्टन्स ५.९ ओहम आला. २० गेजला तो ४.७ च्या आसपास यायला हवा.

जुनं तांबं काढून वजन केलं: २.४ किलो. २० गेज असती तर तीन किलोच्या वर भरलं असतं. सिंगल फेजिंगमध्ये २० गेजही जळालीच असती, फार तर काही मिनिटं जास्त टिकली असती. तरीही सोसायटीने तीन किलोचे पैसे दिले आणि मोटरीत गेलं २.४ किलो. सहाशे ग्रॅमचा हा फरक मार्चच्या तारेच्या भावाने ५०० रुपये होतो. तो परत द्यायचा. यावर दुकानात कोणाचं दुमत नव्हतं आणि नसावंच.

५ जून

घणसोलीच्या पंपखोलीत जाऊन आलो. दुसरा ३ एचपीचा पंप चालू आहे, म्हणून इमारतीचं पाणी बंद नाही. ५ एचपीचं पॅनल उघडलं. आधीच्या दोन खेपांना या पॅनलचं दार आमच्यापैकी कोणीही उघडलं नव्हतं. तिथे हे सापडलं:

ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) ६ ते १० अँपिअरचा, काटा १० वर. मोटरीच्या नेमप्लेटवर ७.५ आहे. ट्रिप होतोय म्हणून कोणीतरी वाढवून ठेवलेला.

सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा) बसवलेला आहे, पण त्याच्या कॉन्टॅक्टवरून तुकडा तार टाकून तो बाद केलाय.

मेन स्विचमधल्या बी फेजच्या अॅल्युमिनियम लगखाली (तारेच्या टोकाला दाबलेल्या जोडाखाली) पांढरी भुकटी, स्क्रू हाताने फिरतोय. लाइनींमधलं व्होल्टेज ४०२, ४११, ३९६. सरासरी ४०३, सगळ्यात मोठा फरक ८, म्हणजे असंतुलन २ टक्के. आकडा लहान वाटतो, पण व्होल्टेजच्या असंतुलनापेक्षा करंटचं असंतुलन सहा ते दहा पट असू शकतं.

कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा पॅनलमधला स्विच) काढून दुकानात आणला. दिसायलाच बी पोलचं टोक खाल्लेलं, करवतीसारखं. टेस्ट बेंचवर दुसऱ्या मोटरीचा भार देऊन बंद कॉन्टॅक्टच्या दोन टोकांत व्होल्टेज मोजलं: आर ५० मिलिव्होल्ट, वाय ६०, बी १,४००. नवा कॉन्टॅक्ट किट ३५० रुपयांचा. या साडेतीनशेच्या सुट्या भागापायी दोन रिवाइंडिंग गेली असावीत असा आमचा अंदाज आहे. नोव्हेंबरच्या जळालेल्या कॉइलींचा फोटोच काढलेला नाही, त्यामुळे पहिल्या खेपेबद्दल खात्रीने सांगता येत नाही.

प्रिव्हेंटर सारखा ट्रिप का व्हायचा, हेही उघड झालं. तो सैल लगमुळे बरोबरच ट्रिप होत होता. त्याचं म्हणणं ऐकायचं सोडून त्याचं तोंड बंद केलं गेलं.

७ जून

खर्च कागदावर मांडला. दर ५,२०० कुठून आला हे आधी कोणालाच धड सांगता येत नव्हतं. शेजारचा ५,००० घेतो म्हणून आपण ५,२००, एवढंच.

तार ३.२ किलो, आजची खरेदी ९६० रुपये किलो : ३,०७२. (२० मेला लंडनच्या धातुबाजारात तांबं टनाला ११,००० डॉलरच्या वर गेलं होतं. तेव्हापासून तारेचा भाव आठवड्याला बदलतोय.) स्लॉट पेपर, स्लीव्ह, टेप, दोरी २४०. वार्निश आणि थिनर १८०. बेअरिंग ६२०५ आणि ६२०६, दोन्ही झेडझेड (दोन्ही बाजूंनी झाकलेली), ५६०. मेकॅनिकल सील (शाफ्टभोवतून पाणी गळू न देणारं) ४८०. भट्टीच्या विजेचा वाटा ४०. मजुरी ११ तास, १६० रुपयांनी १,७६०. तासांची फोड अशी: उघडणं आणि जुनं वाइंडिंग काढणं २, फर्म्यावर कॉइल १.५, स्लॉट साफ करून पेपर घालणं १, कॉइल भरणं आणि बांधणं ४, जोडण्या १, जोडणी करून टेस्टिंग १.५. बेरीज ६,३३२. त्यावर भाडं, हत्यारं, फोन यांचे दहा टक्के ६३३. एकूण ६,९६५.

मग ५,२०० मध्ये परवडतं कसं? जुन्या तांब्यामुळे. जळकं तांबं साधारण २.९ किलो निघतं, आज भंगारवाला ६९० ने घेतो, २,००१ रुपये. निव्वळ खर्च ४,९६४.

फेरदुरुस्तीच्या भांडणाची अर्धी मुळं या भंगारात आहेत. गिऱ्हाइकाला वाटतं आपण ५,२०० दिले. प्रत्यक्षात त्याने ५,२०० आणि दोन हजारांचं तांबं दिलेलं असतं. मोटर तीनदा आली तर तीनदा तांबं दुकानात राहतं. जळालेली मोटर दुकानाला मुळीच तोट्याची नाही, हे गिऱ्हाइकाला अंधुक कळत असतं, म्हणून संशय वाढतो. यापुढे बिलावर भंगार वजन आणि भावासकट वजा दाखवायचं. ज्याला आपलं तांबं घरी न्यायचंय त्याने न्यावं, मग बिल पूर्ण भरावं.

१० जून

घणसोलीची मोटर बसवली. २० गेज, ६८ वेढे, भरलेली तार ३.२ किलो, जॉब कार्डाला तारेचा दोन इंची तुकडा चिकटवला. लग कापून नवा दाबला, व्होल्टेज ४०६, ४०९, ४०४. रिले ७.५ वर. प्रिव्हेंटरवरची तार काढली. भारावर करंट ७.२, ७.५, ७.१.

बिल: तार ३,०७२, पेपर वगैरे २४०, वार्निश १८०, भंगार २.४ किलोचे १,६५६ वजा, मार्चच्या कमी तारेचे ५०० वजा. राहिले १,३३६, वर कॉन्टॅक्ट किट ३५०. जीएसटी १८ टक्के वेगळा. बेअरिंग आणि सील मार्चमधलेच, चांगले आहेत, बदलले नाहीत. मजुरी शून्य, फेरीचे पैसे शून्य. मजुरी का सोडली, ते पुढच्या नोंदीत.

काकांना जळालेल्या कॉइली आणि कॉन्टॅक्टरचं टोक शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. ते म्हणाले, "हेच नोव्हेंबरात दाखवलं असतं तर?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

११ जून

वाद झाला, आणि व्हायला हवा होता.

एक बाजू: पॅनल सोसायटीचं, लग सैल तो सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनचा, आपण मोटर दुरुस्त करतो. मजुरी का सोडायची? दुसरी बाजू: एकच फेज काळा दिसत असताना वाइंडिंग भरणाऱ्याला कारण कळतं. कळून लिहून दिलं नाही, म्हणजे अर्धं काम केलं. डॉक्टरने ताप उतरवला आणि मलेरिया आहे हे सांगितलंच नाही, तशी गत.

ठरलं ते असं. कारण आमच्या कामातलं असेल तर सामान, मजुरी आणि टेंपोचं भाडं सगळं दुकानाचं. कारण बाहेरचं असेल आणि मागच्या बिलावर आम्ही ते लिहून दिलेलं असेल, तर पूर्ण दर, त्यात एक रुपयाही सूट नाही. कारण बाहेरचं, पण आम्ही लिहिलेलं नाही, तर सामान गिऱ्हाइकाचं आणि मजुरी आमची. ही तिसरी वाट सगळ्यात जास्त खटकली, कारण तीत दर खेपेला १,७६० जातात. पण आम्हाला लिहायला भाग पाडणारी वाट हीच आहे. भाग वेगळा आणि दोषही वेगळा असेल तर नेहमीचा दर, फक्त नव्वद दिवसांच्या आत आलेली मोटर असेल तर उघडण्या-जोडण्याचे पैसे पुन्हा लावायचे नाहीत.

कारण ओळखायच्या खुणा टेबलाच्या वर लिहून लावल्या, नव्या पोरांसाठी. सगळं वाइंडिंग सारखंच काळं: जास्त भार, कमी व्होल्टेज किंवा इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चक्र) अडकलेला. एकच जागा फुटलेली आणि तांब्याचा मणी तयार झालेला, तोही स्लॉटच्या तोंडाशी: कॉइल घालताना पेपर फाटला किंवा इनॅमल खरवडलं, दोष आमचा. दोन फेजच्या मध्ये, बाहेरच्या वळणावर जळालं: मधला पेपर सरकला, तोही आमचा. स्टेटरच्या (मोटरीच्या स्थिर भागाच्या) आत एका बाजूला चकचकीत घासलेला पट्टा: बेअरिंग गेलं आणि रोटर (फिरणारा भाग) घासला, आता बेअरिंग का गेलं ते शोधायचं. रोटरवर गंजाचे ओघळ: सीलमधून पाणी.

उघडल्याबरोबर दोन फोटो, एक कनेक्शनच्या बाजूने, एक पंपाच्या बाजूने. फोटोशिवाय जुनं वाइंडिंग कापायचं नाही.

१५ जून

कोपरखैरणेचा २ एचपी पंप. पाच महिन्यांत तिसरं सील. दर वेळी सील ४८० आणि मजुरी ६००. चेअरमन ताईंचं म्हणणं सरळ आहे: "सील चांगलं नव्हतं, फुकट बदला."

जुनी तिन्ही सीलं मागवली. प्लंबरने दोन जपून ठेवली होती, त्याचे आभार. तिन्हीचा पुरावा मिळाला असता तर बरं झालं असतं, पण दोनही पुरेशी बोलकी आहेत. दोन्हींत सिरॅमिकच्या रिंगला आडवा तडा आणि कार्बनच्या तोंडावर मध्यातून बाहेर जाणाऱ्या बारीक भेगा. कोरडं चालल्याची ही खूण: तोंडं तापतात आणि अचानक गार पाणी आलं की सिरॅमिक तडकतं. टाकीतला गाळ असता तर तोंडावर गोल खाचा दिसल्या असत्या. शाफ्ट वाकडा किंवा बेअरिंग ढिलं असतं तर घासल्याचा पट्टा तोंडाच्या रुंदीपेक्षा मोठा दिसला असता. रबर फुगलेलं असतं तर दोष आमचा, कारण बसवताना ग्रीस लावलं की ईपीडीएम रबर फुगतं. तिथे साबणाचं पाणीच वापरायचं.

पंप कोरडा का चालतो? जमिनीखालची टाकी पंपाच्या खालच्या पातळीवर आणि फूट व्हॉल्व्हच्या (पाइपच्या तळाशी पाणी अडवून धरणाऱ्या झडपेच्या) रबरात खडा अडकलेला. रात्रीतून पाइपमधलं पाणी खाली उतरतं, सकाळी वॉचमन बटण दाबतो, पंप गुरगुरत राहतो. टाँग टेस्टरवर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) करंट नेहमीच्या दोन-तृतीयांशावर.

फूट व्हॉल्व्ह साफ केला आणि त्याचं रबर बदललं. सीलची मजुरी सोडली, कारण आधीच्या दोन्ही बिलांवर आम्ही फक्त 'सील बदलले' लिहिलं होतं. या वेळच्या बिलावर लाल शाईत: कोरडं चालल्यामुळे, टाकीत खालचा फ्लोट (पाणी संपत आलं की पंप बंद करणारा) बसवावा किंवा कमी करंटला पंप बंद करणारा रिले लावावा. लावला नाही आणि पुन्हा तडकलं, तर १,०८० पूर्ण.

२१ जून

पंपाबाहेरचं एक प्रकरण, थोडक्यात. फॅब्रिकेशनवाल्या दादांचा ४ इंची ग्राइंडर, तिसरं आर्मेचर (आतला फिरणारा, तार गुंडाळलेला भाग). आर्मेचर ७००, कार्बनची जोडी ८०, मजुरी २००. नवं यंत्र अडीच हजारांच्या आसपास. कार्बन झिजून स्प्रिंगचा दाब संपला तरी चालवला, ठिणग्यांनी कम्युटेटर (कार्बन घासतो ते तांब्याचं कडं) खाल्ला. शिवाय यंत्र जमिनीवरच ठेवल्याने लोखंडाची भुकटी आत ओढली जाते. फील्ड कॉइलचाही रंग गेलाय. म्हणजे नवं आर्मेचर टाकलं तरी चौथी खेप ठरलेली. काम घेतलं नाही, तपासणीचे पैसेही घेतले नाहीत. आठवड्याला हवेने झाडायचं आणि कार्बन सहा मिलिमीटरच्या खाली गेला की बदलायचा, एवढं सांगितलं.

२८ जून

आमच्या चुकीने परत आलेल्या मोटरी कार्डांवरून वेगळ्या काढल्या. त्यातल्या बहुतेक 'आजच हवी' वाल्या निघाल्या.

वार्निशची खरी पद्धत: स्टेटर ११० अंशांवर दोन तास, ओल घालवायला. ५०-६० पर्यंत उतरू द्यायचा. मग बुडवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत, पंधरा-वीस मिनिटं. अर्धा तास निथळवायचा. १३० अंशांवर सहा तास. एकूण दहा तासांच्या खाली होत नाही. 'इमारतीला पाणी नाही, संध्याकाळपर्यंत द्या' म्हटलं की वरून ब्रशने वार्निश मारून दोन तासांत मोटर बाहेर जाते. स्लॉटच्या आत ते पोहोचतच नाही. तारा सुट्या राहतात, चालू-बंद होताना एकमेकींवर घासतात आणि पावसाळ्यात वेढ्यावेढ्यात शॉर्ट होतो. गिऱ्हाइकाला वाटतं तार वाईट होती.

घाई त्यांची खरी आहे. चाळीस घरांना पाणी नसेल तर सेक्रेटरीला रात्री झोप लागत नाही. म्हणून उपाय घाईवरच शोधला. भंगारात निघालेल्या दोन ५ एचपी मोनोब्लॉक दुरुस्त करून बदली पंप म्हणून ठेवायच्या. मोटर आमच्याकडे असेपर्यंत बदली पंप, दिवसाला १५० रुपये, बसवणं-काढणं मोफत. त्यानंतर दहा तासांपेक्षा कमी वेळात मोटर द्यायची नाही, कोणीही कितीही फोन केले तरी.

९ जुलै

कालच्या पहाटे मुंबईत सहा तासांत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. आपल्याकडेही तळघरातल्या पंपखोल्या भरल्या. आज चार मोटरी आल्या, चारही पाण्याखाली राहिलेल्या. चौघांनाही आधीच कोणीतरी सांगितलंय की मोटर गेली, वाइंडिंग भरावं लागेल.

भिजलेली मोटर आणि जळालेली मोटर यांत फरक आहे. मेगर (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारं यंत्र) शून्य दाखवतो तो ओलीमुळेही दाखवतो. या धंद्यात सगळ्यात जास्त अन्याय पावसाळ्यात होतो असं आम्हाला वाटतं. चांगलं वाइंडिंग कापून काढलं जातं, वर तीन किलो न जळालेलं तांबं दुकानात राहतं, आणि पुरावा उरत नाही.

आधी तिन्ही फेजचा रेझिस्टन्स. तीन मोटरींत तो एक टक्क्याच्या आत सारखा, म्हणजे वेढे शाबूत. बेअरिंग काढून टाकले. पाण्यात खाडीचा खारेपणा असू शकतो म्हणून नळाच्या गोड्या पाण्याने दोनदा धुतलं, हवेने झाडलं आणि कव्हर उघडी ठेवून ८५ अंशांवर भट्टीत. शंभरच्या वर न्यायचं नाही, आत अडकलेल्या पाण्याची वाफ वार्निश फोडते. ५०० व्होल्टच्या मेगरवर एकीचे आकडे: तापवण्याआधी ०.२ मेगओहम, दोन तासांनी ०.१, पाच तासांनी १.५, आठला १८, बाराला ६०. सुरुवातीला आकडा खाली जातो. तिथे घाबरून 'गेली' म्हणायचं नाही, ओल बाहेर पडत असते. थंड झाल्यावर २०० च्या वर.

दर: धुणं, वाळवणं, टेस्टिंग १,२००, बेअरिंग ५६०. सील लागलंच तर ४८०. तीन मोटरी अशा निघाल्या. चौथीचं पाणी ओसरल्यावर कोणीतरी लगेच बटण दाबलं होतं. तिच्यात स्लॉटला भोक पडलंय, ती भरावी लागेल. चारही सोसायट्यांना फोटो पाठवले.

२३ जुलै

वाशीची ५ एचपी मोटर, आमच्याकडे पहिल्यांदा, पण आधी दुसरीकडे तीनदा भरलेली. तक्रार: रिकामी चालली तरी तापते. इंपेलर काढून चालवली: ४.१ अँपिअर, ५२० वॉट. याच बनावटीची दुसरी मोटर आमच्या कार्डावर ३.० अँपिअर, ३१० वॉट आहे. वेढे कमी भरले असतील तरीही रिकाम्या मोटरीचा करंट वाढतो, म्हणून आधी एक कॉइल सोडवून मोजली: ६८, बरोबर. मग दोष कोअरमध्ये, म्हणजे स्टेटरच्या लोखंडी पत्र्यांत. जुनं वाइंडिंग काढताना स्टेटर उघड्या आगीत टाकला की पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं, पत्रे एकमेकांना टेकतात आणि लोखंडच तापायला लागतं. स्टेटरच्या दातांवर निळसर झाक दिसतेच आहे. आमची भट्टी ३५० अंशांवर आपोआप बंद होते ती यासाठी.

अशी मोटर चौथ्यांदा भरणं म्हणजे पैसे पाण्यात. नवा दर लिहिला: रिकामी मोटर नोंदीपेक्षा २० टक्के जास्त वॉट घेत असेल तर रिवाइंडिंग घ्यायचं नाही. तपासणीचे ३०० घ्यायचे, मोटर आणि तिचं तांबं मालकाचं. नाव, वेढे, वॉट कागदावर लिहून दिलं, म्हणजे पुढच्या दुकानात त्यांना कोणी भरायला लावू नये.

५ ऑगस्ट

दरपत्रक लागलं. दोन मुद्दे शेवटपर्यंत अडले होते.

पहिला, फेरीचे पैसे. घणसोली, कोपरखैरणे, ऐरोली ५०० रुपये. पॅनल तपासायला घेतले तर मोटरीच्या बिलात वळते करायचे. आधी हे पैसे मागायला लाज वाटायची, म्हणून कोणी जायचंच नाही, आणि कारण सापडायचं नाही. ५०० ची फेरी वाचवून सोसायटीचे पाच हजार जात होते.

दुसरा, वाद झाला तर यंत्र अडवून ठेवायचं का. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, ज्या वस्तूवर आपण कौशल्य किंवा मेहनत खर्च केली ती मजुरी मिळेपर्यंत ठेवून घ्यायचा हक्क दुरुस्ती करणाऱ्याला आहे, वेगळा करार नसेल तर. पण तो हक्क त्या कामाच्या पैशांपुरता. जुनी उधारी वसूल करायला आजची मोटर अडवता येत नाही. आणि गिऱ्हाइकाला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतल्या त्रुटीची तक्रार करता येते. पाण्याचा पंप अडवायचा नाही असं ठरलं. वादातली रक्कम बिलावर वेगळी लिहायची, बाकीची घ्यायची, मोटर सोडायची.

२० ऑगस्ट

ऐरोलीची ५ एचपी, आमच्याकडून ११ जुलैला गेलेली, चाळीस दिवसांत परत. उघडली: सात नंबरच्या स्लॉटच्या तोंडाशी एक काळा ठिपका, तांब्याचा मणी, बाकी सगळं स्वच्छ. पेपर स्लॉटच्या बाहेर जेमतेम दोन मिलिमीटर होता आणि कडेला दुमडही नव्हती. कॉइल दाबताना तो पत्र्याच्या धारेवर फाटला. दोष पूर्ण आमचा.

सोसायटीला बिल शून्य, टेंपो आमचा, बदली पंपाचे १५० रुपयेही लावले नाहीत. बेअरिंग-सील चांगले आहेत. आमचे गेले: तार ३,०७२, पेपर आणि वार्निश ४२०, भट्टी ४०, मजुरी १,७६०, टेंपो दोन्ही वेळचा ७००, भंगारातून आले २,०००. म्हणजे ३,९९२.

स्लॉट पेपर कापायचा नवा फर्मा बनवला: कोअरच्या लांबीपेक्षा १२ मिलिमीटर जास्त, शिवाय दोन्ही टोकांना ४ मिलिमीटरची दुमड. जुना फर्मा तोडून टाकला. कॉइल भरून झाल्यावर, जोडण्या करायच्या आधी, प्रत्येक फेज बॉडीशी मेगर करायचा आणि आकडा कार्डावर लिहायचा. ऐरोलीची मोटर उद्या सकाळी भट्टीतून निघेल, दुपारी बसवायची आहे.